लाईट गेली, लाईट गेले आणि लायटीचं बिल

बंगळुरात वाढलेल्या भाचीने परवा फोनवर विचारलं, "मामा, पुण्याची आत्या म्हणते 'लाईट गेले', तुम्ही बार्शीत म्हणता 'लाईट गेली'. बरोबर कोणतं? आणि भर दुपारी ऊन पडलेलं असताना लाईट जाते कशी?"

दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्हींत जाणारी वस्तू वेगळी आहे.

आत्याच्या 'लाईट गेले'मागे 'दिवे गेले' आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत अजूनही 'दिवे गेले' ऐकू येतं. दिवा पुल्लिंगी आणि घरात दिवे अनेक, म्हणून 'गेले'. तिथे दिव्याच्या जागी फक्त लाईट हा शब्द येऊन बसला, वाक्य जुनंच राहिलं. आमची लाईट मात्र दिवा नव्हे, ती तारेतून येणारी वीज. वीज स्त्रीलिंगी, म्हणून लाईटही स्त्रीलिंगी. परका शब्द मराठीत आला की बहुतेक वेळा ज्याचं काम तो करतो त्या शब्दाचं लिंग उचलतो. गाडी 'ती', म्हणून ट्रेनही 'ती' आणि बसही 'ती'.

दुपारच्या शंकेचं उत्तर शेतात मिळेल. विहिरीवर एकही बल्ब नसतो, डोक्यावर ऊन तळपत असतं आणि तरी माणूस ओरडतो, "लाईट आली, मोटार चालू कर!" इथे 'लाईट आले' म्हणून पाहा, जमतच नाही. शेतातल्या मोटारीला लागणारा थ्री फेज पुरवठा पाळीने मिळतो, कधी दिवसा तर कधी रात्री. त्यामुळे घरातला बल्ब सिंगल फेजवर जळत असतानाही शेतकरी बिनदिक्कत म्हणतो, "लाईट नाही." त्याच्या लेखी मोटार फिरली तरच लाईट. पंपाला 'ऑटो' बसवलेला असला की लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते, नाहीतर रात्री दोनला बॅटरी घेऊन विहीर गाठावी लागते. म्हणजे लाईट आल्यावर अंधारात जायचं! शब्दाचा उजेडाशी संबंध किती सुटलाय, ते यावरून कळावं.

मुळात तो जडला, कारण बहुतेक घरांत वीज पहिल्यांदा दिव्याच्या रूपानेच शिरली. पंखा, इस्त्री, मिक्सर हे मागून आले. कारखान्यांत तसं नव्हतं. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्या चालवायला, उजेडासाठी नव्हे. तिकडे वीज 'पॉवर' झाली. घराचं फिटिंग करणारा वायरमन आजही ही वाटणी पाळतो. दिव्याला 'लाईट पॉइंट', गिझरला 'पॉवर पॉइंट'. तार तीच, वीज तीच.

आता माझा पक्षपात. आमच्याकडे 'लायटीचा खांब', 'लायटीचं बिल' म्हणतात. शहरी कानाला हे गावंढळ वाटतं, पण व्याकरण पाहा. भिंत – भिंतीचा, विहीर – विहिरीचा, तसं लाईट – लायटीचा. शब्दाला अस्सल मराठी सामान्यरूप मिळालंय. अनेकवचनही होतं: "गणपतीला लायटी लावल्या." (इथे दिव्यांच्या माळाही स्त्रीलिंगीच, म्हणजे माझी वरची दिवा-वीज वाटणी गावात थोडी ढिली पडते. असो.) उलट 'लाईटचं बिल' म्हणणाऱ्याने शब्द पाहुणा म्हणून बाहेरच्या खोलीत बसवलाय. पचवला आहे तो खेड्याने.

मग 'वीज' कुठे गेली? ती लिहिण्यात आहे: वीजपुरवठा, वीजबिल, वीजगळती. बोलण्यात मात्र ती आभाळातच राहिली. संस्कृत विद्युत्, प्राकृत विज्जु आणि मराठी वीज, हा शब्द तारांच्या कितीतरी आधीचा. "काल शेजारच्या वाडीत वीज पडली" म्हटलं तर कोणी फ्यूज तपासायला जात नाही. हिंदीत बिजली ढगातही असते आणि तारेतही. आपण बोलताना आभाळाची वीज आणि खांबावरची लाईट अशी सोय करून घेतली. 'विजा' हे अनेकवचनही ढगांपुरतंच. मीटरमधून विजा येत नाहीत. लिहिताना एक सांभाळ: 'वीज' दीर्घ, पण प्रत्यय लागला की 'विजेचा', 'विजेने' असा ऱ्हस्व. 'वीजबिल' हा समास असल्याने दीर्घच राहतो.

आणखी एक तिने विचारलं नव्हतं, तरी सांगून टाकलं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं, म्हणजे एमएसईबीचं, २००५ साली विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण लाईट गेली की आमच्या गल्लीत अजून "एमएसईबीला फोन लाव" असंच म्हणतात. महावितरणच्या पत्रातलं 'रोहित्र', म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आमच्या तोंडी 'डीपी' असतं, आणि तीही स्त्रीलिंगी: "डीपी जळाली."

भाची म्हणाली, "म्हणजे पुण्यात 'गेले' आणि बार्शीत 'गेली'?"

म्हटलं, हो. आणि आत्याकडे गेलीस की चुकूनही 'लायटीचं बिल' म्हणू नकोस, मी शिकवलं म्हणून मलाच ऐकावं लागेल.