कोकीळ गातो, कोकिळा नव्हे

प्रश्न असा आहे: एका निसर्गकवितेच्या रसग्रहणात 'कोकिळेचे कूजन' असे लिहिले होते, ते खोडून 'कोकिळाचे कूजन' करण्यात आले. यांपैकी बरोबर कोणते, आणि 'कूजन' हा शब्द जड वाटत असेल तर दुसरा कोणता वापरावा?

दुरुस्ती योग्य आहे. वसंत आला की निबंधलेखकांपासून सूत्रसंचालकांपर्यंत सर्वांच्या तोंडी 'कोकिळा गाऊ लागली' हे वाक्य येते, आणि ते ऐकून आता कान किटले आहेत. गाणारा पक्षी नर असतो: चकाकत्या काळ्या पिसांचा, लालभडक डोळ्यांचा आणि एकेका 'कुहू'गणिक स्वर चढवत नेणारा. मादी तपकिरी असते आणि तिच्या अंगभर पांढुरके ठिपके असतात. ती मुकी नसते; पण तिच्या गळ्यातून निघते ते 'किक् किक् किक्' असे तीक्ष्ण, घाईचे ओरडणे, ज्याला कोणी गाणे म्हणणार नाही.

यावरचा ठरलेला बचाव असा, की घार, साळुंकी हे शब्द स्त्रीलिंगी असूनही नर-मादी दोघांना लागतात, तसाच 'कोकिळा' हा शब्दही मानावा. हा बचाव टिकत नाही. घारीला पुल्लिंगी जोडीदार शब्द मराठीने दिलेलाच नाही. कोकीळ-कोकिळा ही जोडी मात्र मोर-लांडोर या जोडीइतकीच उघड आहे, आणि लांडोरीने पिसारा फुलवला असे कोणी लिहिले तर आपण हसतो.

मग ही चूक रुळली कशी? हिंदीतील 'कोयल' स्त्रीलिंगी आहे आणि तिचा परिणाम मराठीवर झाला, असे सांगणारे पुष्कळ आहेत. परिणाम झाला असेलही, परंतु मला मुख्य दोषी मराठीचे सामान्यरूप वाटते. 'कोकीळ' या शब्दाला प्रत्यय लागताना त्यातील दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो आणि शेवटी आकार येतो: कोकिळाला, कोकिळाने, कोकिळाचा. प्रत्यय बाजूला काढला की हाती उरते ते हुबेहूब मादीचे नाव. 'कोकिळाचा स्वर' हे शब्द ऐकत मोठा झालेला माणूस मूळ शब्द शोधू लागला की 'कोकीळ'पर्यंत पोहोचतच नाही, अलीकडेच 'कोकिळा'पाशी थांबतो. मग तो क्रियापद स्त्रीलिंगी करतो आणि शेवटी सामान्यरूपही 'कोकिळेचा' असे बदलून आपल्या चुकीला व्याकरणशुद्ध करून घेतो. मोराचा, गरुडाचा या रूपांत असा घोटाळा होत नाही, कारण 'मोरा' किंवा 'गरुडा' नावाची मादी भाषेत नाही. ही उपपत्ती माझी आहे. कोणाला ती ओढूनताणून आणलेली वाटली तर वाटो, मी ती सोडणार नाही.

आता शब्दाच्या मुळाकडे वळू. परंपरेचे व्युत्पत्तिकार 'कोकिल' हा शब्द 'कुक्' म्हणजे घेणे या धातूवरून साधतात आणि आपल्या स्वराने मन हिरावून घेतो तो कोकिल, असे सांगतात. व्युत्पत्ती इतकी गोड असली की मला तिचा संशय येतो. यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराने आपल्या 'निरुक्त' या ग्रंथात 'काक' हा शब्द म्हणजे आवाजाची नक्कल आहे असे म्हणून 'तदिदं शकुनिषु बहुलम्', म्हणजे पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळ आढळते, असे स्वच्छ सांगितले आहे. तेथेच त्याने औपमन्यव नावाच्या आचार्याचे उलट मतही नोंदवले आहे: नकलेवरून शब्द होतच नाहीत, हाकलून देण्याजोगा तो काक! मन हिरावणारा कोकिल धातूतून काढणारे सारे पंडित या औपमन्यवाचेच वारसदार होत. माझी भिस्त ज्ञानेश्वरांच्या विराणीवर, म्हणजे विरहगीतावर आहे. 'पैल तो गे काऊ कोकताहे' या ओळीत 'कोकणे' हे क्रियापद चक्क कावळ्याला लावले आहे, आणि अमरकोश या संस्कृत शब्दकोशात 'कोक' म्हणजे चक्रवाक हा पाणपक्षी. 'कोक' हा नाद म्हणजे कोणा एका पक्ष्याची मिरास नव्हती, हे यावरून दिसते. ज्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालते, त्या कावळ्याशी या कुळाने ध्वनीचीही वाटणी केलेली असावी, ही कल्पना मला फार आवडते.

जुन्या कवींना नर-मादीचा भेद ठाऊक नव्हता, असेही ठासून सांगितले जाते. परंतु कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात वसंत अवतरतो तेव्हा आंब्याचे अंकुर चाखून मधुर कूजन करणाऱ्या पक्ष्याला कालिदास नुसते 'कोकिल' म्हणत नाही, 'पुंस्कोकिल', म्हणजे नर कोकीळ, म्हणतो. उलट शाकुंतलाच्या पाचव्या अंकात, आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेण्याचा टोमणा दुष्यंत मारतो, तेव्हा कोकिळांसाठी शब्द येतो तो 'परभृताः' (दुसऱ्यांनी पोसलेल्या) असा स्त्रीलिंगी. गाणे नराचे आणि अंडी मादीची, हा हिशेब कवीने चोख ठेवला आहे. प्रतिपक्ष येथे कुमारसंभवाचाच चौथा सर्ग पुढे करतो, कारण तेथे मदनाची पत्नी रती 'कोकिला'च मधुर बोलण्यात उपजत निपुण असल्याचे म्हणते. परंतु तिला ती हवी आहे प्रणयाची दूती म्हणून. दूतीच्या कामावर नराला नेमणार कसे? तो पुरावा पक्षिनिरीक्षणाचा नाही, काव्यातील सोयीचा आहे.

'गानकोकिळा' या उपाधीला मात्र हात लावण्याचे कारण नाही. तेथील स्त्रीलिंग गायिकेचे आहे. राहता राहिले 'कूजन'. वर सांगितलेल्या पुंस्कोकिलाच्या श्लोकातील कालिदासाचे 'चुकूज' (कूजन केले) हे क्रियापद त्याच धातूचे आहे, तेव्हा रसग्रहणात तो शब्द शोभतो. जड वाटल्यास 'कोकिळाची कुहुकुहू' असे खुशाल लिहावे, परंतु 'कोकिळाचा किलबिलाट' असे लिहू नये. किलबिलाट पुष्कळ पक्षी मिळून करतात.