वाचकांचे प्रश्न : 'आय भाकरी ईट' का चुकतं?

प्रश्न : बाई, माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला आहे. इंग्रजी शब्द तिला भरपूर पाठ आहेत, पण वाक्य लिहायला बसली की 'आय भाकरी ईट', 'शी वॉटर ड्रिंक' असं लिहिते. मी दहावीपर्यंत शिकले, इंग्रजी आता आठवत नाही. घरी तिचा अभ्यास कसा घेऊ?
– एक आई, औसा तालुका

उत्तर : ताई, लेकराला रागावू नका. 'मी भाकरी खाते' हे वाक्य तिनं आहे त्याच क्रमानं इंग्रजीत नेलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याला खेटून बसतं आणि कर्म त्याच्या मागे जातं : 'आय ईट भाकरी'. एवढीच गोष्ट आधी पक्की करा. काळांचे तक्ते नंतर.

हे असं का, तेही तिला सांगा. 'म्हशीनं आजीला ढकललं', 'आजीला म्हशीनं ढकललं', कसंही म्हणा, पडली आजीच. कारण 'नं' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले आहेत, ते शब्दासोबत फिरतात. इंग्रजीत 'द बफेलो पुश्ड ग्रँडमा' यातली फक्त दोन नावं अदलाबदल केली, तर आजीनं म्हशीला ढकललं असा अर्थ होतो. तिथं कोण करणारा हे जागेवरून कळतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते हळूहळू झिजले आणि जागेला महत्त्व आलं. 'ही'चं 'हिम', 'शी'चं 'हर' होतं, ती त्याच जुन्या प्रत्ययांची खूण.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहा आणि कापून घ्या. लेकीला आधी विचारा, 'कोण?' ती चिठ्ठी पहिली. मग 'काय करते?' ती दुसरी. मग 'काय खाते?' ती तिसरी. चिठ्ठ्या हातानं सरकवल्या की क्रम अंगवळणी पडतो. 'ती माझी बहीण' असं क्रियापदाशिवायचं वाक्य आलं, तर मध्ये 'इज'ची चिठ्ठी लागतेच : 'शी इज माय सिस्टर'. 'चुलीवर'मधला 'वर' मात्र शब्दाच्या पुढे उडी मारतो, 'ऑन द चूल'.

आता एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. आपल्या राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी पहिलीच्या वर्गावर होते. 'इज ईटिंग' म्हणजे 'खात आहे' असं फळ्यावर लिहायची. लेकरं नुसती बघत बसायची. एके दिवशी खिडकीबाहेर शेळी लिंबाचा पाला ओरबाडत होती. मी सहज विचारलं, 'शेळी काय करायली?' सगळा वर्ग ओरडला, 'पाला खायली!' मी तिथंच लिहिलं, 'द गोट इज ईटिंग लीव्हज'. त्या दिवसापासून 'इज' आणि 'इंग' मला वेगळं शिकवावं लागलं नाही. 'खायली', 'जायली', 'करायली' हे आपल्या मराठवाड्याचं बोलणं अशुद्ध म्हणून खोडत आले होते मी, आणि त्याच शब्दांत चालू वर्तमानकाळ तयार होता. 'खायली' म्हणजे आत्ता, डोळ्यांसमोर. 'खाते' म्हणजे रोजचं. इंग्रजीत हाच फरक 'इज ईटिंग' आणि 'ईट्स'मध्ये आहे. तेव्हा तुम्ही भाकरी थापताना लेकीला विचारा, 'आई काय करायली?' आणि उत्तर इंग्रजीत मागा. त्यासाठी तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही.

प्रश्न : भरतीची तयारी करतोय. 'डिड यू वेंट?' चूक आणि 'डिड यू गो?' बरोबर, असं का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा असतो. 'डिड' आला की ते काम झालं, म्हणून मूळ क्रियापद साधं राहतं. 'डझ'चंही तसंच. 'शी गोज'मधला 'ज' 'डझ'कडे जातो : 'डझ शी गो?' नकारातही तेच, 'शी डिडंट गो'. पेपर तपासताना 'डिड', 'डझ', 'डिडंट' दिसले की पुढच्या क्रियापदाकडे एकदा बघून घ्या.