वर्गशिक्षकाचं दप्तर : तुमचे प्रश्न

सत्र संपत आलं की तेच प्रश्न नव्या अक्षरात येतात. या खेपेचे पाच.

हजर मुलाला चुकून गैरहजर मांडलं. व्हाइटनर लावू का?

नाही. एक रेघ मारा, बरोबर खूण करा, सही करा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना दाखवा. पोषण आहाराचा हिशेब याच हजेरीवर चालतो. पाचवीपर्यंत दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. तुमची खूण चुकली की तिकडे तांदूळ जुळत नाही.

पाठ टाचण (रोजच्या तासाच्या तयारीची नोंद) वहीऐवजी मोबाइलवर ठेवलं तर चालेल?

मुख्याध्यापकांना विचारा. परवानगी लेखी घ्या.

चौथीत 41 मुलं आहेत. वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायचे शेरे, शेवटच्या आठवड्यात एकदम लिहिते. मैत्रिणीने तयार नोंदींची पीडीएफ पाठवली आहे. 'तपासणीत कोणी वाचत नाही' असं सगळे म्हणतात. वापरू का?

बाई, हे 'सगळे' मला आजवर भेटलेले नाहीत. मी वाचायचे. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची (केंद्राची) देखरेख करणारी, असताना एका वर्गाची नोंदवही उघडली, तर ओळीने सगळ्यांना 'स्वच्छतेची आवड आहे'. एका मुलापुढे 'परिपाठात सुरेल गातो'. त्याला हाक मारली. पोरगं इतकं अडखळत होतं की स्वतःचं नाव पुरं होईना. वर्षभर ते कुणाच्या कानावर आलं नव्हतं, कारण नोंद पीडीएफमधून आली होती.

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. चौथीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) 60 आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) 40. म्हणजे गुणांचा मोठा वाटा तुमच्या रोजच्या पाहण्यावर आहे, आणि ते पाहणं शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिता येत नाही. मार्चमध्ये जुलै कुणाला आठवतो?

200 पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला दोन पानं, 82 पानांत वर्ग बसतो. मधल्या सुट्टीनंतर रोज पाच मुलं, एकेक ओळ. नवव्या दिवशी वर्ग फिरून होतो. ओळ अशी हवी : '12 जुलै. वजाबाकीत दशक सुटा करून घेतो, पण वरचा दशक एकने कमी करायचं विसरतो.' 'गणितात प्रगती आवश्यक' ही नोंद नव्हे, हा शिक्का आहे. तीच अडचण तिसऱ्यांदा लिहावी लागली तर पालकांना बोलवा आणि केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला. निदान तुम्ही करू नका. 'मंद' हा शब्द तर वहीत नकोच.

पालक म्हणतात, जनरल रजिस्टरमध्ये (शाळेत दाखल मुलांच्या नोंदवहीत) जन्मतारीख चुकली आहे, 'तेवढी दुरुस्त करून टाका'. काय करू?

रजिस्टरला हात लावू नका. पालकांचा अर्ज आणि जन्मदाखला मुख्याध्यापकांकडे द्या. पुढची मंजुरी वरच्या कार्यालयाची, आणि नेमके कागद कोणते ते तिथेच विचारा. एक मात्र पालकांना आजच सांगा : दहावीचा फॉर्म भरण्याच्या वेळेला धावत येऊ नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तारीख रजिस्टरवरूनच उतरते.

'500 तक्त्यांचं शिक्षक किट' जाहिरातीत आहे. घ्यावं का?

लगेच नको. त्यातले तुमच्या शाळेत चालणारे तक्ते किती, हे आधी मुख्याध्यापकांना विचारा. बहुतेक ते कपाटात आधीच असतील.