परफंक्टरी म्हणजे निष्काळजी नव्हे

शब्दकोशात 'परफंक्टरी' (perfunctory) या इंग्रजी शब्दापुढे 'निष्काळजी' असं लिहिलंय, मग बेफिकीर गाडी हाकणाऱ्याला परफंक्टरी ड्रायव्हर म्हणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. तो केअरलेस. मी फोंड्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेते आणि या एका अर्थापायी मुलांची वाक्यं चुकताना दरवर्षी बघते.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघरी जाऊन म्हणतात ती आरती आठवा. कुणी कडवं गाळलं, घुमट या वाद्याचा ठेका चुकवला, तर तो निष्काळजीपणा. पण दिवसातलं दहावं घर आहे, कडवी सगळी म्हटली, ठेकाही बरोबर पडला, फक्त म्हणणाऱ्यांचं लक्ष पुढच्या घराकडे लागलंय. ही आरती परफंक्टरी. चूक एकही नाही, नुसती उरकली. मराठीत आपण 'पाट्या टाकल्या' म्हणतो ना, अगदी तेच. 'देखल्या देवा दंडवत'सुद्धा जवळचं, पण त्यात देव समोर आला म्हणून हात जोडलेले असतात. परफंक्टरी काम बहुधा ठरलेलं, नेमाचं असतं.

शब्द मूळचा लॅटिन. 'पेरफुंगी' म्हणजे काम पार पाडून मोकळं होणं. फंक्शन आणि डिफंक्ट हे त्याच मुळातले.

आणखी एक गल्लत 'कर्सरी'शी होते. त्याच्या मुळाशी धावणं आहे, म्हणून कर्सरी ग्लान्स म्हणजे धावती नजर. परफंक्टरी काम मात्र सावकाशही होऊ शकतं. गेल्या पावसाळ्यात आईला एका दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली, जीभ बघितली, सगळं क्रमाने. पण ती काय सांगतेय ते ऐकलंच नाही. घाई नव्हती, तरी तपासणी परफंक्टरीच. आई परतताना गाडीत गप्प बसून होती, ते मला अजून आठवतं.

हे विशेषण बहुतेक वेळा कृतीला लागतं: परफंक्टरी अपॉलॉजी, परफंक्टरी स्माइल, परफंक्टरी इन्स्पेक्शन. माणसालाही लावतात, पण कमी. क्रियाविशेषण परफंक्टरिली. उच्चारात जोर 'फंक'वर द्या. भाषांतर करताना 'उपचारापुरता', 'नावापुरता', 'उरकल्यासारखा' यांतला वाक्याला शोभेल तो घ्या. 'तिने उपचारापुरतं हसून दार लावलं' यात ते हसू निष्काळजी म्हटलं तर अर्थच लागत नाही.