पेपर तीन महिने 'विथ एडिटर'वरच आहे, काय समजायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी नागपुरात पीएचडी करतेय. जर्नलला संशोधनाचा पेपर पाठवून तीन महिने झाले, साइटवर अजून 'विथ एडिटर', म्हणजे संपादकाकडे, असंच दिसतं. ओळखीचे एक जण म्हणतात, साडेतीन हजार भर, आठ दिवसांत छापून येईल. काय करू?"

पैसे भरू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

मी इथेच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि काही वर्षांपासून जर्नलांसाठी परीक्षक म्हणून दुसऱ्यांचे पेपर तपासून देतो. त्याचा एक रुपया मिळत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमचे तीन महिने तिथेच अडकलेत.

पेपर अपलोड झाला की आधी जर्नलच्या ऑफिसातलं कोणीतरी तो पाहतं. आकृत्या वाचता येतात का, सगळ्या लेखकांची माहिती भरली का, कुठून उचललेला मजकूर तर नाही ना. त्यानंतर संपादक. बरेच पेपर इथूनच घरी येतात. त्याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. माझा पहिला पेपर सहाव्या दिवशी परत आला होता. विषय, संत्र्याच्या सालीने पाण्यातला मिथिलीन ब्लू हा निळा रंग शोषून घेणं. (संत्र्याच्या सालीला हात न लावलेला नागपूरचा केमिस्ट्रीवाला दाखवा, तर्री-पोहे माझ्याकडून.) संपादकाने दोन ओळींत विचारलं होतं, असं काम ढिगाने झालंय, तुमचं वेगळं काय? तेव्हा फार राग आला. पुढे एका जर्नलने सात महिने ठेवून नकार दिला, तेव्हा या माणसाची किंमत कळली.

संपादकाला पेपर बरा वाटला तर परीक्षकांचा शोध सुरू होतो, आणि खरा वेळ जातो तो इथे. साधारण दोन तरी परीक्षक लागतात. मेल जातात, कोणी उत्तरच देत नाही, कोणी नाही म्हणतं, कोणी हो म्हणून गायब होतं. मलाही अशी मेल येतात ती नेमकी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर असताना. बऱ्याच जर्नलांत परीक्षकांनी होकार दिल्याशिवाय 'अंडर रिव्ह्यू' दिसत नाही. म्हणजे तुमचा पेपर कदाचित कोणी फेटाळलेला नाही, त्याला वाचणाराच मिळालेला नाही.

तीन महिन्यांनी विचारपूस करण्यात काही गैर नाही. चार ओळींचं नम्र पत्र लिहा. मात्र तोच पेपर गुपचूप दुसरीकडे पाठवू नका. एकाच वेळी दोन जर्नलांत पेपर देणं गैरवर्तन धरलं जातं. न्यायचाच असेल तर इथून लेखी मागे घ्या, त्यांचं उत्तर येऊ द्या, मग पाठवा.

उद्या 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा, असं आलं तर रडत बसू नका, ती चांगली बातमी आहे. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली आपलं उत्तर आणि पेपरात बदल कुठल्या ओळीत केला ते लिहा. पटलं नाही तर कारण देऊन तसं म्हणा, चालतं. तो सालीचा पेपर मी दुसरीकडे दिला तेव्हा परीक्षकाने लिहिलं, प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेत, सांडपाण्यात करून दाखवा. मग काय, एप्रिलच्या उन्हात नाग नदीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. शोषण धाडकन खाली आलं. त्या पाण्यातले क्षार आणि सेंद्रिय पदार्थ सालीवर रंग जिथे चिकटतो त्याच जागा अडवत होते. माझा सुंदर आलेख गेला, पण पेपरात दम आला तो त्या पडलेल्या आकड्यांमुळेच.

स्वीकृतीनंतरचं काम सरळ आहे. कॉपीराइटचा फॉर्म, मग प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत. प्रूफ बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत परत मागतात. आपलं नाव आणि एककं तेव्हाच नीट पाहा, नंतर शुद्धिपत्र काढावं लागतं. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, मिळून पेपर ऑनलाइन येतो. खंड-अंक कधी कधी कितीतरी महिन्यांनी लागतो.

आता ते साडेतीन हजार. ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा यासाठीची, फी चांगली जर्नलंही घेतात, पण ती आधीच जाहीर असते आणि बहुधा स्वीकृतीनंतर भरायची असते. आठ दिवसांत छापून देण्याची हमी म्हणजे पेपर कोणी वाचणार नाही याची हमी. माझ्या ओळखीतल्या एकाने असे पैसे भरले. दोन वर्षांनी वेबसाइटच गायब; मुलाखतीत पेपर दाखवणार कुठून?

घाई प्रबंधासाठी असेल तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते गाइडला विचारून घ्या.

आणि विचारपुशीच्या त्या पत्रात जर्नलने दिलेला पेपरचा क्रमांक टाका. तो नसेल तर पहिलं उत्तर क्रमांक मागणारंच येईल, आणि त्यात आणखी आठवडा जाईल.