‘गोड बोललो तर डोक्यावर बसतीन’

रावेर तालुक्यातल्या केळी कापणी टोळीचा एक मुकादम बायकोच्या आग्रहाखातर समुपदेशनाला आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हाताखाली १४ माणसं. घड कापणं, वाहणं, फण्या उतरवणं, धुणं, १३ किलोची पेटी भरणं, सगळ्यावर त्याचा डोळा आणि आवाज. एका हंगामात चौघं सोडून गेले, रात्रीची झोप उडाली. त्याचं म्हणणं असं : “मी दुसऱ्या बागेत गेलो की इथं हात थांबतात. म्हणून ओरडावं लागतं. गोड बोललो तर डोक्यावर बसतीन, साहेब.”

ही भीती बचत गटाच्या अध्यक्षापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना असते. पण त्याच्याच तक्रारीत तिचं उत्तर होतं. १९३९ साली मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवरचा अभ्यास मांडला. हुकमावर चालणाऱ्या गटात प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारविनिमयानं चालणाऱ्या गटात ते बऱ्यापैकी चालू राहायचं. आणि ज्या गटाला सगळंच मोकळं सोडलं होतं, तिथं कामाचा मेळच बसला नाही. हा तिसरा गट विसरायचा नसतो. नम्रता म्हणजे लगाम सोडणं नव्हे.

सुरुवात वहीपासून केली. सात दिवस प्रत्येक ओरडण्याची वेळ आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत काय घडलं, एवढंच लिहायचं. आठवड्याच्या २३ नोंदींपैकी १६ अकरा ते एकच्या दरम्यानच्या निघाल्या, व्यापाऱ्याचा ‘गाडी कधी निघते?’ हा फोन येऊन गेल्यानंतरच्या. राग मजुरांच्या चुकीचा कमी, स्वतःच्या भीतीचा जास्त. ते पान बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग फोन ठेवल्यावर आधी टाकीवर जाऊन पाणी प्यायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मगच टोळीकडे वळायचं, असं ठरलं.

पुढं निर्णयांची वाटणी. मालाची पक्वता, पेटीचं वजन, गाडीची वेळ आणि मजुरीचा दर त्याच्याकडेच राहिला. कोण कुठल्या कामाला उभं राहणार, विसावा कधी, कुठल्या ओळीपासून सुरुवात, हे टोळीनं ठरवायचं. रोज सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना एकच प्रश्न : “आज काम कुठं अडेल?” विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं. कुणी बोललं तर फक्त “बरं, अजून काय?”

पहिले तीन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. असं होतंच, वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला हा प्रश्न सापळा वाटतो. चौथ्या दिवशी धुण्यावरच्या एक मावशी म्हणाल्या, “टाकीचं पाणी वेळेवर बदलत नाही, म्हणून चिकाचे डाग राहतात.” याच डागांवरून तो महिनाभर त्यांना बोलत होता. तरीही त्याच्या तोंडून गेलंच, “पण पंप बंद होता ना!” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शांतता. मग माफी मागायला शिकवलं. दोन वाक्यं, त्यात ‘पण’ नाही : “मावशी, तुमचं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं नाही.” चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यायचं. आणि त्याच दिवशी पाणी बदलायच्या वेळा ठरवायच्या, नाहीतर माफी पोकळ ठरते.

खरी परीक्षा वेगळीच निघाली. एक पोरगा तीन दिवस अर्धा तास उशिरा आला. मुकादमानं “आता प्रेमानं वागायचंय” म्हणून दुर्लक्ष केलं आणि बाकीचे चिडले. भेटीत तो म्हणाला, “बघा, बसले ना डोक्यावर!” खरं तर इथं प्रेम नव्हतं, फक्त टाळाटाळ होती. पोराला बाजूला घेऊन चार गोष्टी क्रमानं बोलायच्या होत्या : काय घडलं, त्याचा भार कुणावर पडला, अडचण काय, यापुढं काय ठरवायचं. “तीन दिवस साडेसातला आलास. तोवर तुझे घड दुसऱ्यांनी वाहिले. घरी काही अडलंय का?” आई आजारी होती, सकाळचा स्वयंपाक त्याच्यावर आला होता. महिनाभर साडेसातला यायचं, संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबायचं, न कळवता चुकलं तर तेवढी मजुरी कापायची, असं ठरलं. टोळीलाही सांगितलं, पण आईच्या आजाराबद्दल सांगायचं की नाही हे आधी पोरालाच विचारून.

मुकादमानं स्वतःही घड वाहायचे का, हा विषय निघाला तेव्हा तो हसून म्हणाला, “मी काय साने गुरुजी?” अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, हे खानदेशात सगळ्यांना ऐकून ठाऊक. त्याला एवढंच सुचवलं की ज्या दिवशी माणूस कमी असेल त्या दिवशी खांदा द्यायचा, दाखवण्यासाठी नको. मजुरांना तो फरक लगेच कळतो.

अडीच महिन्यांत खरचटलेल्या फण्या पेटीच्या तळाशी दडवणं थांबलं. माणसं त्या आता स्वतःहून बाजूला काढून दाखवतात. गेलेल्या चौघांपैकी एक परत आला. कॉलेजात जाणाऱ्या मुलाशी बोलताना मात्र ते ‘पण’ अजून निघतं. पुढच्या भेटीला तो घरातल्या नोंदींची वही घेऊन येणार आहे.