गाणी डिलीट केली, तरी मन हलकं होत नाही

मावशी, सलाम. मी मूळची नवापूर तालुक्यातली. धुळ्याला होस्टेलवर राहून नर्सिंग करते. पप्पा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पंचांमध्ये आहेत. गाण्याचं वेड मला लहानपणापासून. गेले काही महिने रात्री इअरफोन लावून हिंदी सॅड साँग्स ऐकत पडायची सवय लागली होती, कधी कधी दोन वाजायचे. दिवाळीनंतर माझं जमत आलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं, पण ते आता जुनं झालं. मध्यंतरी मैत्रिणीच्या हळदीत अहिराणी गाण्यांवर नाचले, तो व्हिडिओ आमच्या तरुण संघाच्या दादांनी पाहिला. ते म्हणाले, जगिक, म्हणजे देवाचं नसलेल्या, संगीतामुळे दुष्ट आत्म्याला दार उघडं होतं, म्हणूनच तुझा चेहरा उतरलेला असतो. मी घाबरून सगळी गाणी डिलीट केली. आता सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त वरशिपची, म्हणजे उपासनेची, गाणी लावते. पण आत काहीच हलत नाही. आधी निदान रडू तरी यायचं. रविवारी सगळे हात वर करून गातात आणि मी नुसते ओठ हलवते. माझा विश्वास मेला का? गाण्यामुळे माणूस देवापासून तुटतो का?
– एक वाचक, धुळे

सलाम बेटा,

मोडलेल्या लग्नाला तू पत्रात एक ओळ दिलीस आणि बाकीचं सगळं पत्र गाण्यांना. मी असते तर उलटं केलं असतं.

जमत आलेलं स्थळ मोडलं की आपल्याकडे काय होतं, ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. घरचे म्हणतात, बरं झालं, आधीच कळलं. मंडळीतले म्हणतात, देवाची योजना वेगळी असेल. महिनाभरात विषय बंद. मुलीने मात्र तोवर मनातल्या मनात अर्धा संसार मांडलेला असतो. तुला कुणी ‘काय व्हयनं तुले?’ असं जवळ बसवून विचारलं का? पत्रावरून तरी दिसत नाही. रडायला जागा मिळाली नाही, म्हणून तू ती इअरफोनमध्ये शोधलीस. यात देवापासून तुटण्यासारखं मला काही दिसत नाही. ती सवय चांगली होती असंही मी म्हणणार नाही, त्याकडे येतेच.

आधी दादांच्या दुष्ट आत्म्याचं बघू, कारण तू त्यालाच जास्त घाबरलेली आहेस. बायबलमध्ये दुष्ट आत्मा आणि संगीत एकत्र येतात ते शौल राजाच्या गोष्टीत. १ शमुवेलच्या सोळाव्या अध्यायात शौल बेचैन होतो, तरुण दावीद वीणा वाजवतो आणि राजाला आराम पडतो. म्हणजे तिथे संगीताने आत्मा आला नाही, गेला. पण आपण बहुतेक वेळा एवढंच वाचून थांबतो. दोन अध्याय पुढे जा. लढाईहून परतताना बायका रस्त्यात नाचत-गात येतात, ‘शौलाने हजारो मारले, दाविदाने लाखो’. विजयाचं साधं गाणं. पण तेच शौलाच्या काळजात रुततं आणि तो दाविदाकडे वाकड्या नजरेने पाहू लागतो. दुसऱ्या दिवशी दावीद नेहमीसारखाच वीणा वाजवत बसतो. तोच दावीद, तेच हात. आणि या वेळी शौल त्याच्यावर भाला फेकतो.

मला ही गोष्ट फार खरी वाटते. गाणं तेच राहिलं तरी ऐकणारा काय घेऊन बसलाय, त्यावर पुढचं ठरतं. शौलाच्या पोटात मत्सर होता, म्हणून पवित्र वीणाही कामी आली नाही. तुझ्या पोटात दुःख आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही, म्हणून सॅड साँग्सनी ते गेलं नाही आणि वरशिपनेही गेलं नाही. तू नर्सिंग शिकतेस, तर तुझ्याच भाषेत सांगते: ताप दिसतोय म्हणून तू थर्मामीटर फेकून दिलास.

आता रात्रीच्या सवयीबद्दल. दुःखी गाणं ऐकून रडलं की हलकं वाटतं, हे खरं आहे. कुणीतरी आपलं दुखणं शब्दांत मांडलं, आपण एकटे नाही, असं वाटतं. अडचण होते ती त्याच त्याच विचाराभोवती फिरणाऱ्या मनाची. ‘मी कुठे कमी पडले’, ‘त्यांनी काय पाहिलं माझ्यात’ हे चक्र सुरू असताना पुढचं गाणं आलं, मग त्याच्या पुढचं, तर चक्राला वेगच मिळतो. आणि ॲप थांबत नाही. तू काय ऐकलंस यावरून ते त्याच जातीचं पुढचं गाणं वाढतं; तू रडतेस की झोपलीस, त्याला पत्ता नसतो. त्यात रात्रीचे दोन, सकाळी वॉर्डात ड्यूटी. अपुऱ्या झोपेने माणूस तसाही चिडचिडा आणि रडवेला होतो. तुझा चेहरा उतरलेला असण्याला एवढं कारण पुरेसं होतं. दादांनी ‘झोपतेस किती?’ असं विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

मग वरशिपची गाणी का चालली नाहीत? नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात एक वचन आहे, ते आपल्या मंडळ्यांतून कमीच ऐकू येतं: खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. शलमोनाने हे आनंदाची गाणी वाईट म्हणून सांगितलं नाही. चुकीच्या वेळी ती बोचतात, एवढंच. संगीतोपचार करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. आयरा आल्टशुलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९४०च्या दशकात रुग्णांसाठी एक रीत मांडली, आजही ती वापरतात: आधी रुग्णाच्या मनाशी जुळणारं संगीत लावायचं, उदास असेल तर संथ, आणि मग हळूहळू पुढे न्यायचं. पहिल्याच फटक्यात टाळ्या आणि ढोल नाहीत. तू मात्र रात्री विलाप आणि सकाळी एकदम ‘मी विजयी, मी आनंदी’ अशी उडी मारलीस. मन मागेच राहिलं.

आणि देवाच्या वचनात मधली पायरी नाही असं कुणी सांगितलं तुला? स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. तेरावं स्तोत्र ‘कुठवर?’ या प्रश्नाने सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यापर्यंत पोचतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुणी त्याला गोड शेवट चिकटवला नाही. एकशेसदतिसाव्यात बाबेलला बंदिवान करून नेलेले लोक आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात, कारण त्यांना गाणं शक्यच नसतं. ही सगळी उपासनेची गाणी आहेत बरं का! तुझ्या रविवारच्या मुक्या ओठांना तिथे जागा आहे.

‘आत काहीच हलत नाही’ याचं मात्र तू फार मोठं ओझं घेतलंयस. गाण्यात अंगावर काटा येतो, तो कुठून येतो ते तुला सांगते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. ज्याने त्याने आपल्या आवडीचं वाद्यसंगीत निवडलं होतं. ज्या क्षणी शहारा आला त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटत होतं, आणि तो क्षण जवळ येतोय हे जाणवल्यावर थोडं आधीही. त्यात भक्तिगीतांचा संबंध नव्हता. कोरस चढत गेला, ड्रम वाढला, हजार माणसं एका सुरात गायली, तर शहारा येणारच. देवानेच आपलं शरीर तसं घडवलंय. पवित्र आत्मा त्यातून बोलत नाही असं मी म्हणत नाही. पण शहारा हा त्याचा पुरावा नाही, आणि शहारा न येणं ही त्याची गैरहजेरी नाही. दिवसभर कानात तेच वाजत राहिलं तर कान बोथट होतो, हा साधा भाग त्यात आणखी.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. आधी रडू यायचं आणि आता तेही येत नाही, हे वाचून मी थबकले. पूर्वी आवडायचं त्यात रस न वाटणं, झोप-जेवण बिघडणं, थकवा, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, हे दोन आठवड्यांच्या वर रोज राहिलं तर ती नैराश्याची लक्षणं असू शकतात, हे तुझ्या पुस्तकात आहेच. स्वतःला रुग्णाच्या जागी ठेवून तपास. शंका वाटली तर तुझ्याच कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. जगणं नको असा विचार एकदा जरी आला असेल, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट पाहू नकोस, आजच फोन कर आणि रूममेटला सांग. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. तुझ्याच नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली बसतात म्हणूनच.

राहिली अहिराणी गाणी. इथे माझं मत जरा तिखट आहे. आपल्या मंडळ्यांत एक समजूत रुजली आहे की इंग्रजी चालीवरचं ते पवित्र आणि आपल्या मातीतलं ते जगिक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून बघ, किती गीतांखाली त्यांचं नाव आहे. आणि खान्देशाशी त्यांचं नातंही ऐक. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे धरणगावचा त्र्यंबक ठोमरे पुढे आला, आपले बालकवी. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला, घरच्यासारखा. तो ख्रिस्ती झाला नाही. त्याने झऱ्यापाखरांच्या आनंदी कविता लिहिल्या आणि मन काळवंडून टाकणाऱ्या उदास कविताही. पाळकाच्या घरात दोन्हींना जागा होती.

म्हणून हळदीत नाचलीस याचं मला काही वाटत नाही. मैत्रिणीच्या आनंदात गेलीस, आणि पौल सांगतो की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा. पण सगळंच चालतं असंही नाही. बाईला माल म्हणणारं गाणं, दारूची फुशारकी, ‘तिला धडा शिकवतो’ छापाचं गाणं, ते अहिराणी असो, हिंदी असो की पंजाबी, तिथून बाजूला हो. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात जे सत्य, जे आदरणीय, जे शुद्ध त्याचा विचार करा म्हटलंय. तिथे भाषेची यादी नाही. एखाद्या देवतेच्या पूजेचं गाणं तुझ्या विवेकाला टोचत असेल तर गाऊ नकोस, पण गाणाऱ्या मैत्रिणीला कमी लेखू नकोस. डीजेशी माझं भांडण वेगळंच आहे, त्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलं की कानात दोन दिवस शिट्टी वाजते. लांब उभी राहत जा.

आता करायचं काय? रात्री दहानंतर फोन उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव. ऑटोप्ले बंद कर. डिलीट केलेल्यातलं एखादं दुःखाचं गाणं खरंच आवडत असेल तर परत घे, पण दिवसा ऐक, मैत्रीण शेजारी असताना, आणि एक संपल्यावर बंद. वरशिपची दिवसभराची धार थांबव. त्याऐवजी रात्री तेरावं स्तोत्र मोठ्याने वाच. चाल सुचली तर गा, बेसूर चालेल. ऐकण्यापेक्षा गाण्याने जास्त फरक पडतो, श्वास लांबतो आणि तोंडातून आपलेच शब्द निघतात. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते, पाय खोड्यात असताना. आणि बाकीचे कैदी ऐकत होते, हे विसरू नकोस. चार माणसांत गाणं वेगळं. पेटी-तबल्यावर भजनं म्हणणारा गट तुझ्या मंडळीत असेल तर त्यात बस. तिथे हात वर करावे लागत नाहीत.

आणि त्या मोडलेल्या लग्नाबद्दल कुणाशी तरी बोल. आईशी, नाहीतर पाळकीणबाईंशी. त्या ‘देवाची योजना’ म्हणू लागल्या तर सांग की आज मला नुसतं ऐकून घ्या.

व्हिडिओचं म्हणशील तर पप्पांना तो दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसण्याआधी तू स्वतः दाखव. रागावतील, थोडा वेळ. दादांशी नम्रपणे बोल, त्यांचा हेतू वाईट नसेल. पण तुझा व्हिडिओ त्यांनी संघाच्या ग्रुपवर किंवा आणखी कुणाला पाठवला असेल, तर तो काढून टाकायला स्पष्ट सांग. तिथे नम्रता लागत नाही.

तुझी,
मावशी